टेस्टिंगची रेकॉर्ड

साठच्या दशकातल्या गिटार-ड्रमवाल्या बीट बँडच्या रेकॉर्ड जमवणारे अमरावती-अकोल्यात आम्ही इनमिन तिघं: मी, अकोल्याचे फुलवाले गजाननभाऊ आणि ऐंशीला टेकलेले प्रभाकरकाका. रेकॉर्ड क्वचित मिळतात. किस्से मात्र प्रत्येक फेरीत मिळतात आणि त्यांना कपाटही लागत नाही!

•

गजाननभाऊंना एकदा बुरशी आलेली विलायती रेकॉर्ड मिळाली. वहिनींनी ती रिठ्याच्या पाण्यानं छान धुतली आणि ऐन मे महिन्यात गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातली. अकोल्याचं ऊन ते! संध्याकाळी रेकॉर्डचा पार द्रोण झाला होता. भाऊ डोक्याला हात लावून बसले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कुरडया तं चांगल्या वाळल्या ना!"

•

अचलपूरहून परतताना एसटीला ही गर्दी. जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकायची आपली जुनी सवय. भाऊंनी सवयीनं हातातली वस्तू आत टाकली. ती रेकॉर्ड होती. आम्ही आत शिरेपर्यंत एक धिप्पाड गृहस्थ तिच्यावर बसले होते. खालून तुकडे काढून देत त्यांनी विचारलं, "घरी रुमाल नाही का, भाऊ?"

•

आता प्रभाकरकाकांचं. कॉलेजात ते एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. परदेशातली पोरं म्हणे गॅरेजमध्ये सराव करत. यांनी सरकीच्या गोदामात केला. एकच रेकॉर्ड निघाली आणि तिच्यात ताल पळाला, म्हणजे मध्येच वेग वाढला. गिटारवाले मनोहरराव म्हणाले, ड्रम पळाला. काका म्हणाले, गिटार. काकांनी रागात आपली प्रत फोडली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, ते आजतागायत. मनोहरराव नागपुरात, म्हणजे काही लांब नाहीत. तरी एकमेकांच्या पोरांच्या लग्नालाही गेले नाहीत.

"मरायच्या आत एकदा ऐकू द्या मले," काका म्हणायचे. "कोण पळालं ते कळू द्या." ऐकून जीव तुटायचा.

रेकॉर्ड सापडली पातूरला, लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. भोंगा बांधला की टेस्टिंगला तो हीच लावायचा. सुरुवातीचं थोडं वाजलं की काढायची आणि लग्नाची गाणी सुरू. त्यामुळे सुरुवातीला नुसती खरखर, पुढची सगळी रेकॉर्ड कोरी करकरीत. पुढे कधीच वाजवली नाही का, मी विचारलं.

"कोणी मांगतलीच नाही," तो म्हणाला. "मांगतली असती तं घासली असती."

काकांच्या घरी सुई ठेवली. खरखर संपली, गाणं आलं. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्यावर ड्रम सुसाट सुटला. आम्हालासुद्धा कळलं. गाणं संपल्यावर गजाननभाऊ उगाच पंख्याकडे बघत राहिले.

काकांनी मोबाईल उचलला. मनोहररावांचा नंबर त्यात होताच!

"मनोहर, मीच पळालो बे."

स्पीकरवर पलीकडून आवाज आला, "पुन्हा लाव. फोन जवळ धर."

आम्ही पुन्हा सुई ठेवली. काका बोटांनी टेबलावर ताल धरू लागले. थोड्या वेळानं फोनमधून गिटार ऐकू यायला लागली, जरा चाचपडत, मग नीट. माझे डोळे भरून आले.

काकांनी फोनवर हात ठेवला, आमच्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "पाहा, आता तो पळून राहिला."