गाडी न्यायला एकटाच आलेला

पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्या जिथे ठेवतात, त्या कॅनडातल्या वॉन शहराच्या यार्डात मी काउंटरवर काम करते. परवा चाळिशीचा एक माणूस एकटाच आला. दारू पिऊन चालवल्यामुळे त्याचं लायसन्स गेलं होतं. गाडी न्यायला दुसरं कुणीतरी आणा, असं मी इंग्रजीत सांगितलं.

“ओळखीचे सगळे आमच्या मराठी मंडळातलेच आहेत,” तोही इंग्रजीतच म्हणाला. “कुणाला बोलावू?”

तेवढ्यात फोन वाजला. त्याने आधी शर्टाची कॉलर नीट केली. “हो आई, पीआरचं होईल गं. तू पासपोर्ट काढून ठेव.”

मग तो काउंटरवर कागदांसोबत ठेवलेल्या वकिलाच्या पत्राची घडी करत बसला. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, या गुन्ह्यामुळे आता मिळणं कठीण, असं त्यात लिहिलेलं मला दिसलं होतं.

मी मराठी आहे, हे मी कळू दिलं नाही. नाहीतर त्याला आणखी एका माणसापासून तोंड लपवावं लागलं असतं.