प्रभाताईंच्या चाळीस पेट्या

प्रभाताई गेल्याचा निरोप शेजारच्या वाण्याच्या फोनवर आला तेव्हा मी कणीक मळत होते, आणि खरं सांगते, आधी मला रागच आला. अशा कशा जातात? त्याच्या महिनाभर आधीच मी बदलापूरला त्यांच्या घरी गेले होते. चहा गार होत होता आणि बाई नातवाच्या रेडिओचं पोट उघडून बसलेल्या. "रेखा, बघ गं, नुसता ओलावा शिरलाय. आपला जुना वैरी!" असं म्हणून खळखळून हसल्या होत्या. आता सहा आठवडे झाले. रडून झालंय. आता मला त्यांच्याबद्दल बोलायचंय, आणि बोलायला लागले की माझा आवाज आपोआप चढतो, त्याला माझा इलाज नाही.

अंबरनाथला आनंदनगरच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही एकत्र होतो. शेतातल्या पंपांसाठी आम्ही कंट्रोलच्या पेट्या बनवायचो. विहिरीतलं पाणी संपलं किंवा व्होल्टेज पडलं की ती पेटी मोटर बंद करायची. मी उल्हासनगरहून यायचे आणि दिवसभर सोल्डरिंग करायचे. तयार झालेलं सर्किट पेटीत बसवून, त्यावर ओलावा अडवणारा मसाला ओतायचं काम प्रभाताईंचं. हा मसाला म्हणजे काळं इपॉक्सी, वाळलं की दगड! तरी पावसाळा लागला की पेट्या परत यायच्याच. उन्हातान्हात त्या दगडाला बारीक चिरा जायच्या आणि त्यातून पाणी आत. बरं, आत एवढासा पार्ट गेला असला तरी काढायचा कसा? ताई छिन्नी-हातोडी घेऊन बसायच्या आणि बिघडलेल्याबरोबर चांगलेही पार्ट फुटायचे. "आपण काय पेट्या बनवतो का गं, थडगी बांधतो?" म्हणून करवादायच्या.

मग एका विक्रेत्याने नमुन्याला दोन बाटल्या आणून दिल्या. सिलिकॉनचं जेल. दोन्ही सारखं सारखं घ्यायचं, ढवळायचं, ओतायचं आणि गरम कपाटात ठेवायचं, बस्स. ताईंनी एक पेटी करून पाहिली आणि मला अक्षरशः दंडाला धरून ओढत नेलं. अहो, काय सांगू! काचेसारखं आरपार. माझा सोल्डरचा एकेक टाका दिसत होता. बोट दाबलं की आत जायचं, सोडलं की पुन्हा वर. ताईंनी मीटरची टोकदार सुई त्यातून थेट आत खुपसली, व्होल्टेज मोजलं, सुई बाहेर काढली, तर भोक आपोआप मिटलं! मी टाळ्याच पिटल्या. नको असेल तिथून चमच्याने खरवडून काढा, पार्ट बदला, पुन्हा ओता. फक्त ढवळताना बुडबुडे शिरायचे. त्यावर ताईंनी उल्हासनगरच्या बाजारातून जुन्या फ्रिजचा काँप्रेसर आणला आणि कुकरला जोडून त्यातली हवा ओढायची सोय केली. कुकरवर जाड काच ठेवायची आणि बघत बसायचं. जेल दुधासारखं वर यायचं, आता उतू जाणार म्हणेपर्यंत फसकन खाली. आम्ही बायका डबा खाता खाता ते बघायचो.

आमचे शेठ सिंधी, माणूस मनाचा चांगला, पण नव्या गोष्टीला बिचकणारा. "प्रभाबाई, ये जेली बच्चों के खाने की चीज है. शेतात कशी टिकणार?" ताई अडूनच बसल्या. शेवटी ठरलं, की एका गिऱ्हाइकाच्या चाळीस पेट्या जेलने भरायच्या. शनिवारी माल जायचा. जमलं तर काळा मसाला कायमचा बंद. नाही जमलं, तर जेलचं नाव काढायचं नाही आणि ताईंनी मसाला ओतायची खोली सोडून परत सोल्डरिंगच्या बाकावर बसायचं. बारा वर्षांनी मिळालेली खोली होती ती. त्याआधी बाईमाणसाला कुणी तिथे उभंही करत नव्हतं.

गुरुवारी सकाळी पेट्या भरायला घेतल्या आणि लक्षात आलं, की पेटीतून वायर बाहेर येते त्या भोकातून जेल गळतंय. ताई गिऱ्हाइकाकडे गेलेल्या. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून फाटकी ट्यूब आणली, कात्रीने चकत्या कापल्या आणि चाळीसही पेट्यांत वायरभोवती घट्ट बसवल्या. गळती एकदम बंद! मी स्वतःवरच इतकी खूश, की ताईंना दाखवायचंही सुचलं नाही. त्या आल्या, त्यांनी जेल ओतलं आणि पेट्या कपाटात गेल्या.

शुक्रवारी कपाट उघडलं. सगळीकडे छान जमलेलं, पण वायरपाशी तेलासारखं पातळ. एका पेटीत नाही, चाळीसही पेट्यांत. ताईंनी पुन्हा तापवलं, तरी तसंच. शेठ येऊन बघून गेले. जाताना शांतपणे म्हणाले, "जेवून येतो. मग काळा मसाला काढा." ते ओरडले असते तर परवडलं असतं.

ताई स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत, पेटी डोळ्यांसमोर धरून फिरवत राहिल्या. "माप चुकलं असतं तर सगळंच पातळ राहिलं असतं. इथेच का?" त्यांनी बोट घातलं आणि चकती ओढून काढली. "हे कुणी घातलं?"

मी सोडून पाच जणी तिथे होत्या, कुणाचंही नाव लागलं असतं... "मी," म्हटलं. "ताई, मीच."

ताईंनी दोन वाट्यांत जेल घेतलं, एकीत चकती टाकली, दुसरीत काही नाही, आणि दोन्ही वाट्या कपाटात. तासभर आम्ही दारासमोर उभ्या. वाट्या काढल्या. नुसतं जेल मस्त जमलेलं. चकतीची वाटी तिरकी केली तर रबराभोवतालचं पाणी झालेलं! "सापडलं गं, सापडलं! रबरातल्या गंधकाने जेल जमू दिलं नाही!" ताईंनी मला कवटाळलं. मी हुंदके देत होते आणि त्या हसत होत्या. "रडायचं ते मग रड. आधी चमचे आण!"

काळा मसाला असता तर त्या चाळीस पेट्या भंगारातच गेल्या असत्या. आम्ही सहा जणींनी चमच्यांनी जेल उपसलं, भोकं पुसली, हीटरच्या वायरवर घालतात त्या सिलिकॉनच्या नळीच्या चकत्या कापून बसवल्या आणि पेट्या पुन्हा भरून कपाटात ठेवल्या. शेठ यायला संध्याकाळ झाली, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "चूक खोलीतली होती. खोली माझी आहे, म्हणजे चूक माझी." माझं नाव नाही. मग बारा व्होल्टची बॅटरी लावली आणि पहिली पेटी चालू ठेवूनच बादलीत बुडवली. आतला लाल दिवा पाण्याखालून लखलखत राहिला. शेठनी बाही सावरून स्वतःचा हात बादलीत घातला. "अरे साईं! ये तो जिंदा है!" आमचा कल्ला शेजारच्या कारखान्यात ऐकू गेला. शनिवारी माल गेला आणि खोली ताईंचीच राहिली.

पण माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली, हे मला बोचतच राहिलं. आठ वर्षं मी त्यांच्याकडे त्याची माफी मागायची म्हणत होते. दर वेळी चहा व्हायचा, हसणं व्हायचं आणि राहून जायचं. परवा वांगणीला ताईंच्या भावाकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. जेवणं झाल्यावर भाऊ मला विहिरीवर घेऊन गेले. पंपाच्या खोलीत आमची एक पेटी लावलेली. "जेलची पयली पेटी ताईनं हितंच लावली," ते म्हणाले. "फसली तं आपल्याच इहिरीवर फसू दे, म्हनली." मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "त्या रेखाबाई तुमीच ना? ताई सगल्यांना सांगायची, रबरानं जेल जमत नाय ह्यो शोध आमच्या रेखानं लावला."

भावाने मेन स्विच पाडला, स्क्रू फिरवून झाकण काढून दिलं. आठ पावसाळे खाल्लेलं जेल तसंच आरपार, खाली माझे टाके चकचकीत. मी वायरजवळ, बरोबर तिथेच, बोट दाबलं. ते आत गेलं, आणि सोडल्यावर हळूच वर आलं. बोट कोरडं होतं.