जत्रेला गेलेले चार टायर

जळबा खिल्लारे उभा असलेला मी फार कमी वेळा पाहिला. कनेरगाव नाक्यावर किसनरावाच्या ढाब्याला टेकून त्याची पंक्चरची टपरी होती आणि तिच्यात तो कायम उकिडवा बसलेला असायचा. पुढ्यात पाण्याचं घमेलं, पाण्यात ट्यूब, आणि जळबाची नजर बुडबुड्यावर.

टपरी त्याची, हे आपलं म्हणायचं. जागा किसनरावाची, वरचा पत्राही किसनरावाचाच. वारं सुटलं की तो पत्रा असा आदळायचा की शेजारच्या माझ्या सायकल दुकानात गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही. किसनराव भांडखोर नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडून तरी सुटता आलं असतं. हा माणूस गोड बोलून धरून ठेवायचा. "तू गेलास तर ट्रक माझ्याकडं काहून थांबतील रे जळबा?" असं हसत म्हणायचा आणि वर चहा पाजायचा. चहाची कपबशी मात्र वेगळी, भिंतीतल्या कोनाड्यात पालथी ठेवलेली. छपन्न साली जळबाच्या बापानं धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले. ती कपबशी काही कोनाड्यातून हलली नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दुसरी शिवरात्र जवळ आली होती, तेव्हा जळबाला पहिल्यांदा सुटकेची वाट दिसली. औंढ्याला धर्मसिंग नावाचा एक टॅक्सीवाला होता. त्याची अॅम्बेसडर टायर घासून गुळगुळीत झाल्यानं दारात उभी होती आणि नागनाथाच्या जत्रेत तर तिची खरी कमाई. जळबाकडे चार टायर होते, जवळपास नवे. एका डॉक्टरची मोटार पुलाखाली गेली होती. ती ओढून काढायच्या मजुरीत डॉक्टरनं ते देऊन टाकले होते. धर्मसिंगनं निरोप धाडला की शिवरात्रीच्या सकाळी टायर घेऊन ये, बसस्टँडजवळची माझी टपरी तुला, मागची खोलीही तुला. नाही आलास तर परभणीचा एक जण टायर घेऊन यायला तयार आहे, मग टपरी त्याची.

जळबाच्या बायकोनं, रुक्माबाईनं, त्याच दिवशी भांडी बांधायला घेतली. जळबा तिला म्हणाला, "थांब की जरा, आधी टायर तर जाऊ दे." ती म्हणाली, "टायर जातील तवा जातील. मी मनानं कवाच गेले."

पण टायर जायचे कसे? एसटीच्या टपावर टाकावेत, तर कंडक्टर एकेका टायराचं माणसाएवढं भाडं मागायचा. रेल्वेच्या पार्सलला गेला, तर बाबू म्हणाला की गोणपाटात शिवून आण आणि भाडं वजनावर नाही, जागेवर. जळबा मला येऊन म्हणाला, "मधल्या भोकाचं बी भाडं लावून राहिलेत." आता उरले ट्रकवाले. एरवी जळबासाठी त्यांनी टायर औंढ्यापर्यंत काय, हैद्राबादेपर्यंत फुकट नेले असते. पण किसनरावाच्या कानावर गोष्ट गेली होती. तो कुणाला काही बोलला नाही, फक्त प्रत्येक ड्रायव्हरच्या ताटात जरा जास्त तूप पडायला लागलं. मग कुणाच्याच ट्रकमध्ये जागा होईना.

एक दिवस वारं सुटलं होतं. किसनराव टायरांकडे बघत म्हणाला, "कशाला जिवाला तरास घेतोस? पत्र्यावर ठेव ते. पत्रा तरी आदळायचा थांबंल." जळबानं हातातली ट्यूब पाण्यात दाबून धरली.

युक्ती सुचली ती उकंडरावामुळे. हा गावातला बरा जमीनदार. त्याच्या घरच्या दोन टायरगाड्या होत्या, मोटारीच्या जुन्या चाकांवर बांधलेल्या बैलगाड्या. दरसाल सगळं घर त्या गाड्यांतून औंढ्याच्या जत्रेला जायचं. उकंडराव गाड्यांना हवा भरायला आला आणि जळबाच्या डोक्यात लख्ख उजाडलं. टायर वाहून न्यायचेच कशाला? ते स्वतःच चालत जातील! उकंडरावाचे घासलेले टायर काढायचे आणि गाडीतच कडब्याखाली ठेवायचे, आपले चार त्याच चाकांवर चढवायचे. औंढ्याला पोचलं की पुन्हा अदलाबदल. उकंडरावाला जाताना गुळगुळीत प्रवास, जळबाला भाडं शून्य.

उकंडराव लगेच हो म्हणाला. घरी मात्र कुणाला काही बोलला नाही. बायकांना सगळंच कुठं सांगत बसायचं, असा त्याचा खाक्या.

निघायच्या दिवशी उकंडरावाची म्हातारी आई, द्वारकाबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. चारही चाकांना हळदकुंकू लावलं, पुढच्या गाडीच्या चाकापाशी नारळ फोडला, पुटपुटत काहीतरी बोलली. जळबा दहा पावलांवर पाठ करून उभा होता. दुसऱ्याच्या पूजेत डोकवायचं नाही, आपल्या घरी ते बंद झालंय, अशी त्याची शिस्त. म्हातारी काय बोलतेय ते त्यानं ऐकलं नाही आणि विचारलंही नाही. हीच त्याची चूक. आमच्या गावात दुसरा कुणीही असता तर हात जोडून जवळ उभा राहिला असता, आणि त्याला कळलं असतं.

हिंगोलीला मुक्काम करून गाड्या शिवरात्रीच्या सकाळी औंढ्याला पोचल्या. जळबा मागच्या गाडीत बसून आला होता. वाटेत त्यानं आपल्या टायरांवरची नजर काढली नव्हती. धर्मसिंग जॅक घेऊन वाटच बघत होता. बैल सोडले, जळबानं पुढच्या गाडीच्या आसाखाली जॅक लावला, आणि द्वारकाबाई ओरडली.

"काय करून राहिला रे? चाकाला हात लावू नको!"

उकंडराव जवळ आला, खाली बघत त्यानं आईला सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. ती जळबाला म्हणाली, "बाबा, मपला थोरला लेक असाच जत्रेहून येताना गेला. वाटंत चाक बदललं आन् गाडी उलटली. तवापासून मी नागनाथाला बोलून ठेवलंय, ज्या चाकानं आले त्याच चाकानं घरी जाईन. निघताना बी तेच बोलले. तू तिथंच तर उभा होतास."

"मला ऐकू न्हाई आलं, माय," जळबा म्हणाला.

"मग आता ऐक. ती चाकं आता नागनाथाच्या नावाची झाली."

धर्मसिंग चिडला. "अरे जळबा, देखता क्या है? टायर तेरे, गाडी इनकी. काढ!" उकंडराव हळूच म्हणाला, "जत्रा झाल्यावर घरी गेलो की देतो ना तुला." जसं काही जत्रेनंतर धर्मसिंगला टायरांचं लोणचं घालायचं होतं.

म्हातारी गाडीतून उतरेना. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "हा कोणाचा?" दुसऱ्या कुणीतरी जळबाची जात सांगितली, जुन्या नावानं.

त्या क्षणाबद्दल जळबा पुढं मला म्हणाला होता, "मला दया आली असं समजू नका. लई राग आला होता. टायर मपले होते. पण काढले असते आन् उद्या त्यांच्या बैलाला नुसता ताप आला असता, तरी नाव मपलंच निघालं असतं. गावात राहायचं कसं मग? आन् औंढ्यात तरी?"

त्यानं जॅक सैल केला. गाडी हळूहळू खाली बसली. धर्मसिंग जॅक उचलून निघून गेला. संध्याकाळी परभणीचा माणूस टेम्पोतून टायर घेऊन उतरला, ते जळबानं जत्रेच्या गर्दीतून पाहिलं.

परतीच्या वाटेवर द्वारकाबाईनं त्याला पुढच्या गाडीत आपल्याजवळ बसवलं. उपासाचा लाडू स्वतःच्या हातानं दिला, तोही वरून टाकून नाही, हातात. "तुझं भलं होईल रे लेकरा," म्हणाली. जळबानं तो लाडू खाल्ला. म्हणाला, गोड होता. गाडी त्याच्याच टायरांवर इतकी अलगद चालली होती की म्हातारीला झोप लागली.

नाक्यावर परत आल्यावर उकंडरावानं कबूल केल्याप्रमाणे चारही टायर काढून दिले. हळदीकुंकवाचे डाग अजून त्यांच्यावर होते. रुक्माबाईनं बांधलेली भांडी सोडली, ती एकेक चुलीमागं लावताना एवढा आवाज करत होती की मला माझ्या दुकानात ऐकू येत होतं. किसनराव टपरीपाशी आला. कोनाड्यातल्या कपबशीत स्वतः चहा घेऊन आला होता.

"झालं ते बरंच झालं," तो म्हणाला. "आज वारं बी लई हाय."

जळबानं चहा प्यायला, कपबशी धुतली आणि कोनाड्यात पालथी घातली. मग शिडी लावली आणि एकेक टायर खांद्यावर घेऊन पत्र्यावर चढवला.

त्यानंतर पत्रा कधी आदळला नाही.