मामाजींच्या अजबघरातला वीर

आमच्या मामाजींइतका हट्टी माणूस साऱ्या झाडीपट्टीत झाला नाही, आणि झाला असता तर त्याचं पागोटं मामाजींनी आपल्या अजबघरात आणून टांगलं असतं. सालेकशाला त्यांची धानाची शेती. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी ते मामींना म्हणाले, "इंग्रज गेले. आता आपलं आपल्यालेच सांभाळा लागते," आणि बैलांचा कोठा रिकामा करून त्यात ते गावाचा इतिहास भरू लागले. बैल परसात गेले. फुटकी मडकी, गोंडांच्या बासऱ्या, गंजके भाले, कुण्या जमीनदाराच्या पालखीचा दांडा, लोक जे टाकून देत ते मामाजी उचलून आणत. आलेल्या पाहुण्याला पाण्याआधी अजबघर पाहावं लागे. मुलीला पाहायला आलेली मंडळीही त्यातून सुटली नाहीत. नवऱ्या मुलाच्या बापानं एका मडक्यापुढे जांभई दिली, तर मामाजी म्हणाले, "ज्याले मडक्याची कदर नाई, तो माह्या पोरीची का करीन?" सोयरीक तिथंच मोडली. मामींनी बरेच दिवस अबोला धरला. मामाजींना तो कळलाही नाही.

त्यांचा खरा जीव होता एका दगडी वीरावर, जुन्या लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी स्मारकशिळेवर. हात उगारून उभा कोरलेला हा योद्धा तलावाच्या काठी उताणा पडला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर धोतरं आपटली गेल्यानं त्याचं नाक सपाट झालं होतं. मामाजींनी धुण्यासाठी दुसरी शिळा तिथं आणून टाकली आणि वीराला बैलगाडीतून वाजतगाजत घरी आणलं.

ही बातमी नागपूरला पोचली. तेव्हा नागपूर राजधानी होतं. तिथल्या सरकारी संग्रहालयाचे एक साहेब गाडी, मजूर आणि दोर घेऊन आले. माणूस सज्जन होता. म्हणाला, "इथं याला कोण पाहणार? नागपुरात हजारो लोक पाहतील."

"पाहतीन, पण वळखीन कोन?" मामाजी म्हणाले. "हा इथल्या मातीसाठी मेला. नागपूरले कायले जाईन?"

साहेबांनी मजुरांना खूण केली. मामाजींनी खाली बसून वीराच्या कमरेला मिठी मारली. "न्या! पण मले बी न्या, अन् खाली पाटी लावा, मालकासकट!"

इतक्यात मामी सैपाकघरातून बाहेर आल्या. या कोठ्यानं घराचा उकिरडा केला, असं रोज म्हणणाऱ्या मामी. त्यांनी मूठभर कुंकू वीराच्या सपाट नाकावर फासलं, पदर घेऊन नमस्कार केला आणि साहेबांकडे वळल्या. "आता हा देव झाला. देव उचलून नेता का जी?"

मजुरांनी दोर खाली ठेवले आणि हात जोडले. साहेब खो खो हसले, चहा प्यायले आणि रिकामी गाडी घेऊन परत गेले. पुढं नागपूरची राजधानी गेली, तेव्हा मामाजी गावभर सांगत फिरले, "राजधानी हालली, पण माहा दगड हालला का?"

मी शेवटचा गेलो तेव्हा मामाजींची नजर पार गेली होती. तरी माझा हात धरून त्यांनी मला सारा कोठा दाखवला. एका कोपऱ्यात थांबून ते ढिवरांच्या मासे धरायच्या जुन्या टोपलीबद्दल रंगून सांगू लागले. कोपरा रिकामा होता. टोपली वाळवीनं खाल्ली होती. दारातून मामींनी मला गप्प राहायची खूण केली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "केवढी होती हो मामाजी?"

"होती काऊन म्हनतं?" मामाजी कडाडले. "हाय!"

"हो मामाजी," मी म्हटलं. "आहे."