पायावरचं कडं आणि शेळीचे चौदा फोटो

मंडळी, मला नक्की काय झालंय?

हिमाचलात मेंढपाळांसोबत राहिलो तेव्हा पोटरीला गोचीड चिकटली होती. उपटली आणि विसरलो. पुढं वैरागला मावशीकडं आलो तर तिथंच लाल गोल कडं उठलं. मावशी म्हणाली, "गजकर्ण हाय ते. उंडारतोस की कुटंबी!" तिनं मलम चोळलं, कडं गेलं. आता गुडघा सुजलाय.

आज सोलापुरात डॉक्टर म्हणाले, "चिकुनगुनिया नाही. गोचिडीमुळं होणाऱ्या लाइमची टेस्टही निगेटिव्ह आलीय, पण ती फार लवकर केली होती. परत करू. त्या कड्याचा फोटो आहे?"

मोबाईलमध्ये मावशीच्या शेळीचे चौदा फोटो, माझ्या पायाचा एकही नाही. मावशीला फोन केला तर भडकली, "मी बरं केल्यालं परत कशाला उकरतोस रं?"

स्टँडवर बसून शेळी बघत होतो (लई गोड आहे, ते असो). एका फोटोच्या कोपऱ्यात माझी पोटरी आणि अर्धं कडं! लंगडत दवाखान्यात परत गेलो.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून बघितला. "लाइमचं वाटतंय. पण अर्ध्यावरून गजकर्णही म्हणता येईल."

म्हणजे मावशी अजून शर्यतीत आहे. तुमच्यापैकी कुणाला या आजाराचं खात्रीनं निदान मिळालंय का? कुठं?