भरल्या गिलासाची नोंद

"हे तुम्ही कधी पाहिलं?" मॅडमनी माझी नोंदवही पुढे सरकवली.

भंडाऱ्यात मी बालशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स करत होते. एका मुलाचं निरीक्षण करून ते वयाप्रमाणे काय काय करतं, ते लिहायचं होतं. चालणं, बोलणं, हातांवरचा ताबा. याला विकासाचे टप्पे म्हणतात. बाकीच्या मुली शेजारपाजारची पोरं शोधत फिरल्या. मी शहाणी. माझी अडीच वर्षांची लेक परी आंबागडला माझ्या आईकडे होती. तिचंच सगळं खोलीत बसून, आठवून लिहिलं. मॅडमनी नेमकं ओळखलं. या वयाचं मूल मी लिहिलं होतं त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं.

"दोन महिने झाले," मी म्हणाले.

"मग ही तुमची आठवण झाली, निरीक्षण नाही. पाहून या, नाहीतर मी सही करणार नाही."

आठवडाभर वर्ग, रविवारी कापडाच्या दुकानात काम, म्हणून जाणं झालं नव्हतं. परीची इतकी आठवण यायची, की पुस्तकात बाळाचं चित्र आलं की मी पान उलटायची.

त्या रविवारी दुकानाला दांडी मारून एसटी धरली. अंगणात शिरताना वाटलं, धावत येऊन बिलगेल. परीनं मला नीट पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली ती दोन्ही हातांत पाण्याचा भरलेला गिलास घेऊन. एक थेंब सांडला नाही. गिलास माझ्या हातात दिला आणि लांब जाऊन उभी राहिली.

आई खूश. म्हणाली, "पावना आला का पानी नेऊन देते. म्याच शिकवलं तिले."

मी ते पाणी प्यायले. दुसरं काय करणार? मग वही उघडली, नाहीतर तिथेच रडले असते. लिहिलं: 'भरलेला गिलास न सांडता आणते. पाहुण्यांना पाणी देते.' संध्याकाळी ती माझ्या मांडीवर आली, पण तोवर निघायची वेळ झाली होती.

सोमवारी मॅडमनी नोंद वाचली. "छान आहे. पाहुणे कोण आले होते?"

"मी."

त्यांनी सही केली.

त्या विषयात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. रविवारचं दुकान सोडलं. आज मी बालवाडी चालवते. नवीन शिक्षिका आली की सांगते, मुलाची नोंद करण्याआधी, त्या मुलाच्या लेखी आपण कोण आहोत, ते लिहून ठेव.