कच्च्या शिलाईचं घर

घर बदलायला मला दोन दिवस लागले होते. इतवारीतल्या आमच्या गल्लीत पॅकर्सवाले आले, तेहतीस खोकी भरून गेले आणि नव्या घरात पुढचे तीन महिने मी किसणी शोधत होते. एवढं भोगूनही प्रेमिलाताई निखारेंनी घर बदलायला वर्षाच्या वर वेळ घेतला, तेव्हा त्यांना सगळ्यांत जास्त नावं ठेवणारी मीच होते. माझा स्वभाव तसाच आहे, आधी बोलायचं आणि मग विचार करायचा.

प्रेमिलाताईंनी आमच्या त्या गल्लीत चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. मी दुसरीकडे राहायला गेले, पण शिंपीण बदलण्याची हिंमत मला झाली नाही. त्यांचा नियम असा की कच्ची शिलाई अंगावर घालून पाहिल्याशिवाय कापडाला पक्की शिलाई लागायची नाही. "हात वर करा. खाली वाका. आता पोळी लाटून दाखवा," असं त्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं हवेत पोळी लाटतं. लग्न चार दिवसांवर आलेल्या नवरीलाही सूट नाही.

त्यांचे यजमान ताराचंदकाका. कापडाच्या दुकानात उभं आयुष्य थान मोजण्यात गेलं. काचबिंदूनं तीन वर्षांत त्यांची नजर गेली. आता खिडकी कुठे आहे एवढाच उजेड कळतो. पण घरात त्यांना पाहून हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. एकामागे एक पाच खोल्या, त्यातून ते कशालाही हात न लावता चालायचे. दाढी स्वतःची स्वतः करायचे, माठातून पाणी घ्यायचे, रेडिओचं स्टेशन लावायचे.

अडचण घराबाहेर होती. गल्लीत हातगाड्या आणि टेम्पो, एकदा तर गाडीचा दांडा काकांच्या छातीत बसला. दवाखान्यात जायचं तर ऑटो दारापर्यंत येत नाही. म्हणून मुलानं, ऋषिकेशनं, शहराच्या टोकाला बेसाला आपल्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. "आई, दोन दिवसांत उरकून टाकू," तो म्हणाला. प्रेमिलाताई म्हणाल्या, "मले एक वर्ष पाहिजे." हे घर विकायची घाई नव्हती, पण ऋषिकेशनं कपाळाला हात लावला.

त्यानंतर मी ब्लाउज टाकायला गेले तर बाई जमिनीवर गुडघे टेकून शिंप्याच्या खडूनं रेघा मारत होत्या. बेसाला जाऊन त्यांनी टेपनं सगळा फ्लॅट मोजून आणला होता. मापाच्या वहीत माझ्या छाती-कमरेच्या मापाखालीच लिहिलं होतं, "बेसा. दार ३२. ओटा ३४ उंच." पुढच्या दोन खोल्यांत खडूनं तो फ्लॅट आखून त्यांनी खाट, कपाट, माठ, ओटा सगळं तिथल्या मापानं लावलं. मागच्या तीन खोल्या एकेक करून रिकाम्या करायच्या आणि कुलूप घालायचं, असा बेत.

घाई कशाचीच नव्हती. अकरा पराती होत्या, दोन ठेवल्या. बाकीच्या नेणारा आला की आधी चहा, मग तो परात कुठे ठेवणार याची चौकशी. प्रत्येक वस्तू आधी काकांच्या हातात जायची. ते तिच्यावरून बोटं फिरवायचे, एखादी आठवण सांगायचे आणि म्हणायचे, "दे." पाट्या-वरवंट्याला कोणी हात लावेना, शेवटी काटोलची भाची तो ऑटोत घालून घेऊन गेली. त्या एका पाट्यात दीड महिना गेला.

दहाव्या महिन्यात माझा तोल सुटला. "अहो, सामान हलवताय की संस्थान?" मी म्हणाले. त्यांनी मशीन थांबवलं आणि मानेनं काकांकडे खूण केली.

"सामान तं टेम्पो नेईल वं. यायले कोण नेईल? इथं हे आपल्या मनानं उठतात, फिरतात. तिथं एकदम नेऊन ठेवलं तं खुर्चीत बसतील, आणि मग बसूनच राहतील. मी पाहिलं आहे, माझा भाऊ तसाच गेला."

उंटावरून शेळ्या हाकणं किती सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं.

मग मी नुसतं पाहत राहिले. काका नव्या मापानं लावलेल्या कपाटावर आदळायचे, चिडायचे. एकदा तर खोलीच्या मधोमध ते हरवले. कोणती भिंत कुठे, काही कळेना. "मले माझं जुनं घर पाहिजे!" ते ओरडले. मी धावणार तोच प्रेमिलाताईंनी माझं मनगट धरलं. त्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. काकांनी हात पुढे केला, चाचपडत भिंत शोधली, मग माठ शोधला आणि पाणी प्याले. त्या बाईएवढा धीर मी जन्मात पाहिलेला नाही.

संध्याकाळी त्यांनी माठ वीतभर डावीकडे सरकवला, बेसाला तो कुठे ठेवायचा ते वहीत खोडून नव्यानं लिहिलं आणि म्हणाल्या, "कच्ची शिलाई आहे. उसवता येते."

चौदाव्या महिन्यात सामान एका टेम्पोत मावलं. बेसाला सगळं मापानं लागलं. मीही गेले होते. काका खाटेवरून उठले. चार पावलं, कपाट. वळले. सहा पावलं, स्वयंपाकघराचं दार. आणि तिथे त्यांनी पाय उंच उचलला. जुन्या घरात त्या दोन खोल्यांच्या मध्ये उंबरठा होता. इथे सपाट फरशी. पाय पोकळीत पडला, तोल गेला, खांदा चौकटीवर आदळला.

ऋषिकेशनं धावत येऊन त्यांना खुर्चीत बसवलं. "बाबा, बसा तुम्ही. काही लागलं तं आवाज द्या." काका बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. पाणीसुद्धा त्यांनी मागून घेतलं. प्रेमिलाताई मापाची वही उलटून पुन्हा पुन्हा पाहत होत्या. दार, ओटा, खिडकी, सगळं लिहिलं होतं. चाळीस वर्षं जो पायाखालून गेला, तो उंबरठा तेवढा लिहायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी इतवारीहून मुकुंद सुतार सागाची पट्टी घेऊन आला. ऋषिकेश वैतागला. "आई, लोकं पडू नये म्हणून उंबरठे काढून राहिले, आणि तू लावून राहिली!"

"लाव गा मुकुंद. दोन इंच उंच."

ठोकण्याचा आवाज ऐकून काकांनी विचारलं, "काय करून राहिले?"

"उंबरठा," प्रेमिलाताई म्हणाल्या. त्या मशीनकडे तोंड करून बसल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. दोरा काही ओवला जाईना.

मुकुंद हत्यारं आवरून गेल्यावर खुर्ची करकरली. चार पावलं. वळण. सहा पावलं. काकांनी अंगठ्यानं लाकूड चाचपलं, पाय उचलला आणि पलीकडे ठेवला. स्वयंपाकघरातून पेल्याचा आवाज आला, मग त्यांचा. "प्रेमिला, माठ भरून घे वं. तळ लागला."

तेव्हा त्या रडल्या, अगदी मोकळ्यानं.

याला आता वर्ष झालं. त्या उंबरठ्याला ऋषिकेश ठेचकाळला, नख गेलं. त्याची बायको ठेचकाळली, गॅस दुरुस्त करणारा ठेचकाळला, मी दोनदा, त्यात एकदा हातात चहाचा ट्रे होता. दर वेळी मशीनवरून आवाज येतो, "डोळे आहेत नं? पाहून चाला." ताराचंदकाका दिवसातून वीसदा तिथून ये-जा करतात. ते आजवर एकदाही अडखळले नाहीत.